सर, ती काडी पुरेशी आत गेली नव्हती

सर, तुमची तेरवी होऊन आज सहा दिवस झाले. शोकसभा त्याआधीच झाली, कॉलेजच्या हॉलमध्ये. तुमचा तो फोटो मोठा करून लावला होता, ज्यात शर्टाच्या खिशावर शाईचा डाग आहे. काकू म्हणाल्या, दुसरा फोटोच नाही, हे कधी धड उभे राहिले काय फोटोसाठी! सहा-सात जण बोलले. एकानं तर तुम्हाला देवमाणूस करून टाकलं. तुम्ही असता तर मागच्या बाकावरून ओरडला असता, "अबे, माह्या तासाले कधी बसला नाही अन् आता देव करून राह्यला मले!"

मलाही बोलायला सांगितलं. "सरांची लाडकी विद्यार्थिनी, आपल्या लॅबवाल्या सुनंदाताई." मी उठले, माइकपर्यंत गेले, पाणी मागितलं, प्याले आणि परत येऊन बसले. लोकांना वाटलं, गहिवरून आलं. गहिवर-बिहिवर काही नव्हता, सर. माझ्याकडं एकच वाक्य होतं आणि ते त्या माइकवर म्हणायची हिंमत नव्हती. इथं लिहिते. तुमच्या नाकातला नमुना मी नीट घेतला नाही. काडी जेवढी आत जायला हवी तेवढी गेली नव्हती. हे मला तेव्हाच माहीत होतं, आणि तरी मी रिपोर्टवर 'निगेटिव्ह' लिहून सही केली.

थकले आहे मी. सकाळी लॅबचं शटर उघडते तर बाकावर आठ-दहा माणसं आधीच खोकत बसलेली असतात. कापसाचा शेवटचा वेचा चालू आहे, गाडी भरून बाया वावरात जातात, एकीला फ्लू झाला की सगळ्या टोळीला होतो. मी नावं लिहिते, काड्यांची पाकिटं फोडते, नमुने घेते, रिपोर्ट देते, घरी जाऊन पोळ्या टाकते. झोप लागते, पण उठल्यावर अंग असं दुखतं की जसं कोणी रात्रभर दळण दळायला लावलं. आणि सगळा वेळ मनातल्या मनात तुमच्याशी भांडत असते. ती सवय जुनीच आहे.

पहिलं भांडण अकरावीतलं. तुम्ही फळ्यावर पेशी काढली आणि तिच्या अंगभर बारीक बारीक झाडं काढत बसलात. मी म्हटलं, "सर, पुस्तकात त पेशी गुळगुळीत आहे." तुम्ही मागं न बघता म्हणालात, "पुस्तक काढणाऱ्याले वेळ नव्हता." मग सांगितलंत की पेशीच्या अंगावर साखरेच्या साखळ्या असतात, झाडासारख्या फांद्या फुटलेल्या, आणि पुष्कळ फांद्यांच्या अगदी शेंड्यावर एक खास साखर असते, तिचं नाव सायलिक आम्ल. ती काही विषाणूसाठी ठेवलेली नाही, पेशीची स्वतःची आहे, तिच्या कामाची आहे. फ्लूच्या विषाणूच्या अंगावर खुंट्यांसारखी प्रथिनं असतात, ती नेमकी ह्या शेंड्यावरच्या साखरेला धरतात. धरलं की पेशीच त्याला आत ओढून घेते. "म्हणजे चोरानं दार फोडलं नाही," तुम्ही म्हणालात. "आपणच त्याले या, बसा म्हटलं."

मग तुम्ही शेंबडावर आलात आणि सगळा वर्ग फुटला. तुम्ही डस्टर आपटलंत. "हसू नका लेकहो! शेंबडात बी हेच साखर असते. विषाणू येते, त्याले वाटते पेशी भेटली, अन् थो शेंबडालेच चिपकून बसते. तुम्ही नाक शिंकरलं की गेला नालीत. घरचा चौकीदार हाय थो तुमचा." पण विषाणूही काही कमी नाही, त्याच्याजवळ कात्री असते. दुसरं एक प्रथिन, ते ही साखर कापतं. त्या कात्रीनं तो शेंबडातून वाट काढतो. आणि पेशीतून नवे विषाणू बाहेर पडतात तेव्हा तेही तिथल्याच साखरेला चिकटून राहिले असते. कात्री त्यांनाही मोकळं करते. फ्लूची गोळी दुसरं काही करत नाही, त्या कात्रीची धार घालवते. "पण लवकर द्या लागते," तुम्ही म्हणालात. "सगळे सुटून गाव फिरून राह्यल्यावर मंग कात्री धरून काय फायदा? वरातीमागून घोडं!" त्या महिन्यात मला सर्दी होती. महिनाभर पोट्टे मला चौकीदार म्हणत होते, तुमच्यामुळं.

बारावी झाली आणि बाबांनी माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, घरात चार पोरी, त्यांचंही काय चुकलं! माझ्या लॅबच्या कोर्सचं बोलायला तुम्ही तुमच्या त्या खडखड्या स्कूटरवर आमच्या पुऱ्यात आलात. सगळी वस्ती दारात उभी, गावंडे सर कोणाच्या घरी आले म्हणून. बाबा म्हणाले, "सर, पोरीच्या जातीनं कोणाचंही रक्त अन् थुका हाताळाचा काय? कोण कुठचं, काय ठाव." तुम्ही म्हणालात, "रक्ताले जात नसते बाबूराव, गट असते. अन् थो बी पेशीच्या अंगावरच्या साखरेवरूनच ठरते. हे काम तुमची पोट्टी चांगलं करन." बाबांना साखरेतलं काही समजलं नाही. पण तुम्ही आमच्या घरच्या कपात चहा प्यालात, अजून अर्धा कप मागून घेतलात, हे त्यांना बरोबर समजलं. पंधरा दिवसांत यवतमाळला माझी ॲडमिशन झाली. मी आज कमावते ते तुमच्यामुळं, सर. हे तोंडावर कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही लगेच पावसापाण्याचं काही काढलं असतं.

आणि तुम्ही रिटायर झाल्यावर तर माझे रविवारच गेले. बर्ड फ्लूची अफवा आली त्या वर्षी तुम्ही मला गावोगाव फिरवलंत. शाळेच्या पडवीत बाया-माणसं बसवायची, फळ्यावर कोंबडी काढायची आणि माणूस काढायचा. तुमची कोंबडी बरी यायची, माणूस कधी जमला नाही. पक्ष्याच्या आतड्यातली शेंड्यावरची साखर एका कोपऱ्यातून जोडलेली असते, माणसाच्या नाका-घशातली बहुतेक दुसऱ्या कोपऱ्यातून, म्हणून कोंबडीच्या विषाणूचा हात आपल्या घशात नीट बसत नाही. पण फुप्फुसात खोलवर आपल्याकडं कोंबडीसारखीही साखर आहे, म्हणून मेलेली कोंबडी नुसत्या हातानं उचलायची नाही. असं तुम्ही सांगत होता, तेवढ्यात एक म्हातारी उठली. "सर, मले त साखर हाय. गोळ्या चालू हायेत. मले आधी चिपकन काय?" पडवी हसून हसून लोळली. तुम्ही हसला नाहीत. तिच्यापुढं उकिडवे बसलात. "आजी, थे साखर येगळी. पण तुम्ही जपाच बरं, तुमच्यासारखीले हा ताप जड जाते."

परत येताना स्कूटरवर आपलं वाजलं. मी म्हटलं, "सर, ह्यायले रेणू कायले सांगता? ताप आला की दोन दिवसांच्या आत डॉक्टरकडं या, एवढं सांगा. बस झालं." तुम्ही म्हणालात, "कुठं चिपकते हे ज्याले समजलं, त्याले कुठं शोधाचं हे बी समजते." मी म्हटलं, "शोधाचं काम माहं हाय, त्यायचं नाही." तुम्ही स्कूटर हळू केलीत. "मंग तुह्यासाठीच सांगून राह्यलो समज."

मी त्यावर काहीतरी फटकन बोलले होते. काय, ते आता आठवत नाही. ते भांडण तसंच राहिलं, दर वेळी पुढं ढकललेलं.

त्या सोमवारी तुम्ही लॅबवर आलात. गळ्यात मफलर, डोळे लाल. मी नंबर मोडून आत घेतलं तर रागावलात, बाहेर जाऊन बाकावर बसलात आणि नंबरानंच आत आलात. "काल संध्याकाळपासून अंग मोडून राह्यलं," म्हणालात. म्हणजे अजून एक दिवसही झाला नव्हता, सर. गोळीला भरपूर वेळ होता.

नमुना कसा घेतात हे मी झोपेतही सांगेन. डोकं जरा मागं, काडी नाकाच्या तळानं सरळ मागं, वर नाही, नाकपुडीपासून कानाच्या पाळीपर्यंत जेवढं अंतर तेवढी. तिथं, मागं, घशाच्या वर, त्या पेशी असतात. तिथं ती साखर असते, म्हणून तिथं विषाणू भेटतो. नाकाच्या तोंडाशी तर साधी केसांची कातडी आहे. तिथं काडी फिरवली काय आणि भिंतीवर फिरवली काय, सारखंच.

पण त्यासाठी तुमच्या हनुवटीला हात लावायचा होता. आमच्याकडं गुरुजींच्या पायाला हात लावतात. मी दर गुरुपौर्णिमेला लावला, दर निकालाला लावला. तोंडाला कोण लावते? रोज पन्नास माणसांची तोंडं धरणारी मी, तुमची हनुवटी धरताना माझी बोटं नुसती टेकली. काडी दोन बोटं आत गेली असेल नसेल, तुमच्या डोळ्यांत पाणी आलं, मान मागं गेली आणि तोंडातून बारीकसं "अं" निघालं. तुमचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. माझा हात आपोआप मागं आला. तुम्ही विचारलंत, "झालं?"

मी म्हटलं, "झालं, सर."

पट्टीवर एकच रेघ आली. ती रेघ काहीही सांगत नव्हती, हे मला माहीत होतं. तुम्ही बाहेरच बसला होतात. दारात जाऊन म्हणायचं होतं, सर, पुन्हा आत या, नीट घेते. पण माझ्या मनानं काय केलं माहीत आहे? ते म्हणालं, साधी सर्दीच असेल. सरांना पुन्हा कशाला त्रास! आणि दुसरं, खरं कारण हे की मला लाज वाटली. तुमच्या विद्यार्थिनीला तुमच्यासमोर साधा नमुना घेता येत नाही हे मला तुम्हाला दाखवायचं नव्हतं.

तुम्ही आता म्हणाल की ही झटपट तपासणी तशीही चुकते, नमुना नीट घेतला तरी चुकते, आणि डॉक्टरनं नुसत्या कागदाकडं नाही, माणसाकडं बघायला पाहिजे. हाव, सगळं खरं. हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलं आहे. पण ते तपासणीचं चुकणं झालं. माझं वेगळं होतं.

रिपोर्ट पाहून तुम्हाला तापाच्या साध्या गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी राहवेना म्हणून मी फोन केला. "कसं आहे सर?" तुम्ही खोकत होतात. "ताप हाय. पण तू त निगेटिव्ह देलं ना, मंग कायची काळजी?" फोनवर तर तुमचं तोंडही दिसत नव्हतं, तेव्हा तरी बोलता आलं असतं. मी म्हटलं, "आराम करा, सर." तुम्ही म्हणालात, "तू बी कर. थकल्यासारखी बोलून राह्यली." स्वतः तापानं फणफणत होता आणि मला आराम सांगत होता.

चौथ्या दिवशी दम लागला आणि यवतमाळला नेलं. तिथं पुन्हा नमुना घेतला. त्या माणसाचे तुम्ही कोणी लागत नव्हता, त्यानं काडी बरोबर मागपर्यंत नेली असणार. पॉझिटिव्ह आला. गोळी सुरू केली, ऑक्सिजन लावला, त्यांच्या हातात होतं ते सगळं त्यांनी केलं. मी भेटायला आले तेव्हा तुमच्या तोंडावर मास्क होता. तुम्ही बोट घशाला लावलंत आणि हळूहळू छातीवरून खाली नेलंत. खाली उतरलं, असं सांगत होता. शिकवतच होता अजून! मी मान हलवली. माझ्यात आणि तुमच्यात फक्त एक खुर्ची होती, नर्स बाहेर गेली होती. मी तुमच्या पायांवरचं ब्लँकेट सारखं केलं आणि निघून आले. दोन दिवसांनी तुमच्या मुलाचा फोन आला, "ताई, बाबा गेले."

तेव्हापासून एकच विचारायचं आहे, सर. तुम्हाला माहीत होतं काय? नाकाची चित्रं आमच्याकडून दहादा काढून घेणारे तुम्ही. काडी कुठपर्यंत गेली हे तुम्हाला कळलं नसेल, हे मला पटत नाही. कळलं असेल तर मग "झालं?" म्हणून विचारलंत का? का म्हणाला नाहीत, पोट्टे, अजून आत घाल? कधीकधी तुमचा रागच येतो. फळ्यावर एक फांदी चुकली तर अख्खी वही फाडायला लावणारा माणूस, स्वतःच्या जिवाच्या वेळी गप्प बसला! मग राग उतरतो आणि नुसतं रिकामं रिकामं वाटतं. बोलायची पाळी तुमची नव्हतीच.

तेरवीला सगळीकडून पाहुणे आले, त्यात खोकणारेही होते. तिसऱ्या दिवशी काकूंना ताप भरला. तुमच्या मुलानं फोन केला आणि मी किट घेऊन तुमच्या घरी गेले. काकू पलंगावर बसल्या होत्या. मी त्यांचं डोकं भिंतीला टेकवलं. एका हातानं हनुवटी धरली, नुसती टेकवली नाही, धरली. काडी आत घातली. काकूंनी माझं मनगट पकडलं. "अवं माय! मारतं काय वं मले! काढ, काढ थे!" मी काढली नाही. मागं टेकल्याचं बोटांना कळेपर्यंत नेली, फिरवली, दहा आकडे मोजले. काकू रडत होत्या. त्यांची नखं माझ्या मनगटात रुतली होती. तुमचा मुलगा दारातून म्हणाला, "ताई, हळू ना!" मी त्याच्याकडं पाहिलंही नाही.

दोन रेघा आल्या. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, तासाभरात गोळ्या आल्या, पहिली मी समोर बसून गिळायला लावली. मुलगा पाणी ठेवायला आत गेला. काकू पदरानं नाक पुसत होत्या, डोळे अजून वाहत होते. त्यांनी विचारलं, "त्यायचा बी असाच घेतला होता काय वं तू?"

"हाव काकू" एवढंच म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

मी म्हटलं, "नाही, काकू." मग मी त्यांच्या पलंगाजवळ खाली बसले आणि सगळं सांगितलं. काडी कुठपर्यंत जाते, तुमच्या वेळी कुठपर्यंत गेली, एक रेघ, फोन, दवाखान्यातलं ब्लँकेट, सगळं. काकू ऐकत होत्या की नाही कळत नव्हतं. बाहेर कोणाच्या तरी अंगणात शेंगा बडवत होते. मग त्या म्हणाल्या, "त्या दिवशी घरी आले न् मले म्हणे, सुनंदाचा हात लई हलका हाय. कळलं बी नाही म्हणे, कव्हा घेतलं त. जेवताना पुन्हा सांगतलं. खुश होते."

मी वापरलेली काडी आणि पट्टी पिशवीत बांधली.

काकू म्हणाल्या, "हे मले कायले सांगतलं तू?" मग त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. "गोळी कव्हा कव्हा घ्याची थे मोठ्या अक्षरात लिहून ठेव. मले चष्म्याशिवाय दिसत नाही." मी लिहिलं. निघाले तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या नाहीत. आजवर कधी असं झालं नव्हतं. आज सकाळी त्यांचा फोन आला, "ताप नाही आता," एवढंच म्हणाल्या आणि ठेवून दिला. माफ केलं की नाही, मला माहीत नाही. मी मागितलीही नाही. काकू बऱ्या होत आहेत, सर. एवढं तुम्हाला सांगायचं होतं.

फोन ठेवला आणि कामाला लागले. पहिलाच माणूस नाक दाबून, डोळे पुसत बाहेर गेला आणि बाकावरच्या लोकांना म्हणाला, "बाप्पा बाप्पा! लई जड हात हाय या बाईचा. पार मेंदूलोक घातली काडी." ते ऐकून एक नवराबायको उठले, राहू दे म्हणाले आणि चालायला लागले. बाईच्या अंगात ताप होता, चालण्यावरूनच कळत होतं. मी हातातलं पाकीट ठेवलं, चपलाही न घालता रस्त्यावर गेले आणि दोघांना परत आणलं.